निळ्या पाण्याचा हिशोब

जळगावच्या सराफ बाजारात दुकानं उघडायच्या आधी गेलात, तर गटाराशी उकिडवी बसलेली माणसं दिसतील. हातात झिजलेला ब्रश, शेजारी घमेलं. पायरीवरची धूळ, ओट्याच्या फटीतली माती, गटारातला गाळ असं सगळं घमेल्यात गोळा होतं. मग ते पाण्यात धुवायचं. हलकी माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. त्यात पारा फिरवला की सोन्याचे कण पाऱ्याला चिकटतात. पारा तापवून उडवायचा, उरलेला गोळा मुशीत आटवायचा आणि चांदी-तांबं वेगळं करायला तेजाबात टाकायचा. झारेकऱ्यांचा हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यापासून गटारातला चिमूटभर गाळही कोणी वाया जाऊ देत नाही.

खान्देशच्या काळ्या कातळात सोन्याची खाण नाही. तरीही जळगावच्या सोन्याच्या शुद्धतेचं नाव महाराष्ट्रभर झालं. त्या नावामागे जसे सराफ आहेत, तशी ही मातीत हात घालणारी माणसंही आहेत. मी बरीच वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. यातल्या काहींची मुलं माझ्या वर्गात बसली. म्हणून या धंद्याबद्दल लिहिताना मला त्रयस्थ राहता येत नाही, आणि राहायचंही नाही.

माझं म्हणणं असं आहे. हा धंदा बंद करू नका, आणि आज चालतो तसा चालूही देऊ नका. धातू विरघळवून काढण्याचं एक सामाईक केंद्र खान्देशात, औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत, सरकारी पैशानं उभं करा. तिथे झारेकरी, सोनार, भंगारवाले आपापला माल घेऊन येतील, आपल्या डोळ्यांसमोर त्यातला धातू काढून नेतील, आणि मागे उरलेलं पाणी त्या केंद्राच्या भिंतीबाहेर जाणार नाही. माझा सगळा आग्रह या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

आज ते पाणी कुठे जातं ते आधी पाहू.

जुना दागिना किंवा धुतलेल्या मातीतला गोळा शुद्ध करायचा, तर कारागीर त्यात मुद्दाम चांदी मिसळतो. सोनं एक भाग आणि चांदी-तांबं मिळून तीन भाग असं प्रमाण साधावं लागतं. सोनं त्याहून जास्त असेल तर ते चांदीला आत कोंडून ठेवतं आणि तेजाब आतपर्यंत पोचत नाही. हा मिश्र धातू वितळवून पाण्यात ओतला की त्याचे बारीक दाणे होतात. ते नायट्रिकच्या तेजाबात उकळले की चांदी आणि तांबं विरघळून पाण्यात जातं, आणि तळाशी तपकिरी भुकटी राहते. मातीसारखी दिसणारी ती भुकटी म्हणजे सोनं. ती धुऊन आटवली की पिवळी होते. यानंतर पाण्यात उतरलेली चांदी परत हवी असते. म्हणून त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. तांबं पाण्यात जातं आणि त्याच्या जागी चांदी करड्या कापसासारखी पट्टीवर उतरते. चांदी काढून घेतली की मागे राहतं सुंदर निळं पाणी.

अमळनेरकडच्या एका कारागिराला मी विचारलं होतं, या पाण्याचं पुढे काय करता. त्यानं बादलीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "भाऊ, चांदी उतरनी का पानी फेकी देतस."

तो निष्काळजी माणूस नाही. त्याच्या हाताखाली सोन्याची राईएवढी कणी हरवत नाही. पण त्याच्या बापानं त्याला शिकवलं ते चांदी उतरेपर्यंतचं. पुढची पायरी त्याला कोणी दाखवलीच नाही.

त्या बादलीत काय असतं ते अंकगणितानं सांगतो. चांदी उतरवताना सुमारे २१६ ग्रॅम चांदीमागे साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबं पाण्यात जातं. म्हणजे १ किलो चांदीमागे साधारण २९५ ग्रॅम. दागिन्यातलं मूळ तांबं वेगळं. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. २९५ ग्रॅम तांबं सुमारे ५९ लाख लिटर स्वच्छ पाण्याला पहिल्या मर्यादेवर नेऊन ठेवू शकतं. हे एका किलो चांदीचं झालं.

पण रसायनशास्त्र इथे थोडा दिलासाही देतं, आणि तो लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. आपली काळी माती तांब्याला धरून ठेवते. ते लगेच विहिरीत उतरत नाही, गटाराच्या आणि नाल्याच्या गाळात साचत राहतं. पाण्याबरोबर सरळ खाली जातं ते नायट्रिक तेजाबातून आलेलं नायट्रेट, कारण त्याला माती धरत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तिला मानकांत सवलत नाही, कारण जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचं दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजलं तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती कमी होते. आपल्या विहिरींतलं बरंचसं नायट्रेट शेतातल्या युरियाचं असतं, हेही खरं. म्हणून गावाबाहेरच्या प्रत्येक खराब विहिरीचं खापर झारेकऱ्याच्या माथी फोडणं अन्याय आहे. पण विहिरीवर आधीच एवढा भार असताना त्यात आणखी भर कशाला?

पाण्याहून जास्त भीती मला वाफेची वाटते. नायट्रिक तेजाबात धातू पडला की तपकिरी धूर निघतो. तो छातीत गेला तर त्या वेळी फक्त खोकला येतो. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो, आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. तोवर दुपारच्या धुराचा आणि रात्रीच्या धापेचा संबंध घरच्यांच्या लक्षातही येत नाही. पाऱ्याची वाफ त्याहून गुपचूप काम करते. तिला रंग नाही, वास नाही. आणि तिसरी गोष्ट. दागिन्याला उजळा देण्यासाठी काही ठिकाणी सायनाइड वापरतात. एका दुकानाचं सायनाइडचं पाणी आणि शेजारच्या दुकानाचा तेजाब एकाच गटारात भेटले, तर तिथे हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. अशा गटाराशी तोंड खाली करून बसलेल्या बाईच्या जागी क्षणभर आपल्या घरातलं कोणी बसवून पाहा.

मग छापे घाला, भट्ट्या सील करा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. या मताचा मी आदर करतो, पण त्याचा परिणाम देशानं पाहिलेला आहे. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठी जुन्या संगणकांचे सर्किट बोर्ड जाळून ती राख नदीत धुण्याचा धंदा वाढला. कारवाया झाल्या. काम गल्लीतून घरात शिरलं, घरातून शेजारच्या गावात गेलं. ज्या मालात सोनं आहे त्याच्यावर पोट असलेला माणूस बंदीनं थांबत नाही. तो दार लावून घेतो. दार लावलेल्या खोलीत धूर जास्त कोंडतो, आणि निळी बादली रात्री ओतली जाते.

धातू विरघळवून काढण्याचं शास्त्र मुळात घाणेरडं नाही. पुस्तकी मराठीत त्याला निक्षालन म्हणतात. पूर्वी लाकडाची राख पाण्यात घोळून, वरचं निवळ पाणी काढून कपडे धुवायचे. ते निक्षालनच होतं. दगडातून किंवा भंगारातून हवं ते पाण्यात उतरवायचं, गाळायचं, आणि मग त्या पाण्यातून धातू परत काढायचा. जगातलं बहुतेक ॲल्युमिनियम असंच सुरू होतं. बायर या ऑस्ट्रियन रसायनज्ञाच्या १८८८ सालच्या पद्धतीनं बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. सोन्यासाठी सायनाइडची पद्धत ग्लासगोत १८८७ मध्ये निघाली, आणि आपल्या कोलारच्या खाणींनी तीच वापरली. आज जस्ताचा मोठा वाटा गंधकाच्या तेजाबातून येतो. तांब्याच्या हलक्या प्रतीच्या दगडाचे ढीग रचून त्यांवर सौम्य तेजाब शिंपडतात, आणि काही ठिकाणी हे काम चक्क जिवाणू करतात.

यात एक गोष्ट फार मोलाची आहे, पण ती बाजारपेठेपर्यंत कधी पोचली नाही. जस्ताच्या किंवा तांब्याच्या चांगल्या कारखान्यात धातू उतरलेल्या पाण्यातून वीज सोडतात. धातू पत्र्यावर जमा होतो आणि त्याच वेळी पाण्यात तेजाब पुन्हा तयार होतो. तो पुढच्या खेपेला परत वापरतात. म्हणजे तेच पाणी फिरत राहतं. कारखानदारालाही ते परवडतं, कारण तेजाबाला पैसे पडतात. आपल्याकडे या शास्त्राचा निम्माच भाग आला. विरघळवणं आलं, पाणी परत फिरवणं आलं नाही.

मी त्या कारागिराच्या बादलीतलं एक बाटली पाणी घरी आणलं होतं. त्यात थोडा थोडा खाण्याचा सोडा घालून उरलेला तेजाब मारला आणि गंजलेले खिळे टाकले. दुसऱ्या दिवशी निळा रंग उतरला होता आणि तळाशी लालसर भुकटी बसली होती. तांबं. हिशोबानं २९५ ग्रॅम तांब्याला साधारण २६० ग्रॅम लोखंड पुरतं. शंभर वर्षांपूर्वीच्या पाठ्यपुस्तकातलाच हा प्रयोग आहे. ती भुकटी मी त्याला नेऊन दाखवली. त्यानं बोटावर घेतली, चोळली, आणि पहिला प्रश्न केला तो भावाचा. मला त्याचा आनंदच झाला. जे पाणी त्याच्या लेखी कचरा होतं त्यात त्याला माल दिसला होता. पण मी त्याला हे घरी करायला सांगितलं नाही. कारण खिळ्यांनंतरच्या पाण्यात लोखंड आणि नायट्रेट उरतंच. चुना घालून लोखंड खाली बसवावं लागतं, उरलेलं पाणी आटवावं लागतं, आणि खाली राहिलेला क्षार सुरक्षित जागी पुरावा लागतो. एकट्या माणसाला हे झेपत नाही. राज्यातली धोकादायक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. अमळनेरच्या कारागिरानं दोन किलो क्षाराची पिशवी घेऊन बुटीबोरी गाठावी, ही अपेक्षा कोणी करू नये.

म्हणूनच मी सामाईक केंद्र म्हणतो. आणि त्याचा नमुना आपल्या प्रत्येक गावात आहे: पिठाची गिरणी. आपण आपलं दळण घेऊन जातो, समोर उभं राहतो, दळणाचे पैसे देतो आणि आपलंच पीठ घरी आणतो. गिरणीवाला आपल्या ज्वारीचा मालक होत नाही. धातूचं केंद्र असं चाललं तरच झारेकरी तिथे पाऊल टाकेल. त्याचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळणार नाही, खेप वेगळी निघेल, आधी आणि नंतर कस लावून वजनाची पावती मिळेल, आणि मोजणीच्या यंत्राचा आकडा त्यालाही वाचता येईल. कामगारांच्या आरोग्यावरच्या कितीतरी चांगल्या योजना आतापर्यंत याच एका जागी बुडाल्या असतील. माणसाला स्वतःच्या फुफ्फुसाइतकीच वजनात फसवलं जाण्याची धास्ती असते, हे योजना आखणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही.

केंद्रात धूर ओढून कॉस्टिकच्या फवाऱ्यातून धुणारं यंत्र हवं. फरशी तेजाब न शोषणारी हवी, आणि सांडलेलं सगळं एकाच टाकीत यायला हवं. सायनाइडचं काम आणि तेजाबाचं काम वेगळ्या इमारतीत, वेगळ्या नाल्यांवर. पाऱ्याला तिथे मज्जावच असावा. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार भारतानं २०१८ मध्ये मान्य केला आहे, आणि बारीक सोनं वेगळं करायला आता दुसरे मार्ग आहेत.

सगळंच तेजाबात टाकायची गरज नाही, हेही इथेच सांगतो. विहिरीवरच्या मोटारीतलं तांबं, पितळी कॉक, ॲल्युमिनियमची भांडी हा माल सरळ वितळवून वापरता येतो. वायरीचं प्लास्टिक जाळू नये, ते यंत्रानं सोलून निघतं. तेजाब लागतो तो जिथे धातू थोडा आहे आणि दुसऱ्यात गुंतलेला आहे तिथे. सर्किट बोर्डमध्ये, बॅटरीच्या काळ्या भुकटीत, सौर पॅनेलमध्ये, सराफाच्या मातीत.

आणि हा माल वाढणार आहे. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा झाला तो २२.३ टक्के. आपल्याकडे नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये आले. खान्देशातली एक गोष्ट माझ्या मनात सारखी येते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा मोठा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. पॅनेलचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षं धरलं तर २०४० च्या आसपास ती पॅनेल उतरतील. त्यानंतर गावोगावच्या सौर पंपांची. सिलिकॉनच्या पॅनेलवर चांदीच्या बारीक रेघा असतात, आणि ती चांदी काढायचा एक मार्ग म्हणजे तोच नायट्रिक तेजाब. आज सराफ बाजारातली एक बादली सांभाळता आली नाही, तर उद्या ट्रकांनी येणारी पॅनेल कोण सांभाळणार?

पैशाचा प्रश्न खरा आहे. महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली, आणि तिचा एक तृतीयांश भाग लहान व नव्या उद्योगांसाठी राखला. पण ती लिथियम, कोबाल्टसारख्या धातूंसाठी आहे. सराफाची चांदी तिच्यात बसत नाही. त्यामुळे बॅटरी आणि बोर्डांचा भाग त्या योजनेतून, आणि झारेकऱ्यांचा भाग राज्य सरकार व जिल्हा नियोजनाच्या पैशातून, अशी जोड द्यावी लागेल. माहितीची वाण नाही. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा आणि हैदराबादची सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर संशोधन करणारी सरकारी संस्था यांनी भंगारातून धातू काढण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. जळगावात आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातच रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे. तिथली मुलं नोकरीसाठी वापी-अंकलेश्वर गाठतात. त्यांतली दोघं-चौघं इथे थांबली तरी केंद्र चालेल.

आता शेतकऱ्यांबद्दल. तापीकाठचा केळीवाला या प्रस्तावाला सर्वांत आधी विरोध करेल, आणि त्याचा विरोध मला शहाणपणाचा वाटतो. रोमानियात बाया मारे इथे ३० जानेवारी २००० ला सोन्याच्या कारखान्याचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडचं पाणी नदीत गेलं आणि हंगेरीपर्यंत मासे मेले. आपली तापी पुढे उकाईच्या जलाशयात जाते, आणि तिच्या पाण्यावर सुरतही जगते. आपलं केंद्र त्या कारखान्यापुढे अगदीच लहान असेल, पण लहान आहे म्हणून सोडून द्या, असं मी शेतकऱ्याला सांगणार नाही. यावल-रावेरच्या गाळाच्या पट्ट्यात केंद्र नकोच. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाड्यात तर मुळीच नको. तिथली दगडगोट्यांची जमीन पाणी गटागटा पिते, आणि तिथेच पाणी मुरवण्यासाठी तापी मेगा रिचार्जचा करार मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रानं मे २०२५ मध्ये केला आहे. नदीपासून, कालव्यापासून, वाघूरच्या पाणलोटापासून लांब, आधीच वसलेल्या औद्योगिक वसाहतीत जागा शोधावी. केंद्राभोवती निरीक्षणासाठी बोअर घ्यावेत, आणि त्यांच्या झाकणाची एक किल्ली शेजारच्या ग्रामपंचायतीकडे असावी. सरपंचाला वाटेल त्या दिवशी, कुणालाही न विचारता, नमुना काढता आला पाहिजे. रोज किती पाणी आत आलं, किती फिरवलं, किती आटवलं, किती क्षार बाहेर गेला, हे दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असावं. बेरीज जुळली नाही तर त्या दिवसापासून केंद्र बंद. ही अट मान्य नसेल, तर मी स्वतः केळीवाल्याच्या बाजूनं उभा राहीन.

काही वर्षांपूर्वी हीच मागणी कागदावर लिहून मी एका सरकारी कार्यालयात दिली होती. तिथल्या साहेबांनी विचारलं, नेमकं किती लोक हे काम करतात, आणि कुठल्या विहिरी खराब झाल्या, याचा पुरावा आहे का. माझ्याकडे नव्हता. त्यांचा प्रश्न मला टोचला, पण तो रास्त होता.

म्हणून या हिवाळ्यात आम्ही काही जुने सहकारी आणि विद्यार्थी सराफ बाजाराच्या गटारापासून खाली नाल्याच्या कडेनं चालत जाणार आहोत, आणि वाटेतल्या विहिरी, बोअर, हातपंपांचं पाणी घेणार आहोत. यायचं असेल तर स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या प्रत्येकानं आणाव्यात. एका बाटलीत धातूंसाठीचा नमुना घेऊ. त्यात मी शुद्ध नायट्रिकचे थेंब टाकून देईन, म्हणजे तांबं बाटलीच्या प्लास्टिकला चिकटणार नाही. दुसरी नायट्रेटसाठी. तिच्यात काहीही घालायचं नाही, फक्त बर्फात ठेवायची. बाटलीवर विहीरमालकाचं नाव लिहू नका. विहिरीचा नंबर, तारीख आणि पाण्याची खोली एवढंच लिहा.